वर्ध्याच्या उन्हात जुन्या मोटारींचं संग्रहालय बांधायचं, तर ते कसं असावं?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जूनपासून चार महिने हवा दमट असते. अशा ठिकाणी विंटेज गाड्यांचं संग्रहालय म्हटलं की आधी मोठा एसी आठवतो. पण जुन्या गाडीला गारव्यापेक्षा स्थिर हवेची गरज जास्त असते.

गाडी कशानं खराब होते?

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाडे उघड्यावर उभे आहेत. मोटारीचं तसं चालत नाही. तिच्यात पत्र्यासोबत लाकूड, चामडं आणि रबरही असतं. दमट हवेत पत्रा गंजतो, फार कोरड्या हवेत चामडं आणि लाकूड तडकतं. म्हणून आर्द्रता वर्षभर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. थेट उन्हानं रंग उडतो, टायर कडक होतात.

सेवाग्राममधून काय घेता येईल?

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम झालं. तिथली बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कौलांची आहे. उतरतं छप्पर आणि ओसरीमुळे ऊन थेट भिंतीवर येत नाही. घराचं सामान ५ मैलांच्या आतलं असावं, या गांधीजींच्या विचाराचा आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्यावर मोठा प्रभाव होता.

पण कुटीची नक्कल इथे चालणार नाही. कुटीत वारा खेळतो आणि पावसाळ्यात तोच वारा दमटपणा आत आणतो. त्यामुळे घरात घर बांधावं लागेल. बाहेर दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती आणि चहूबाजूंनी ओसरी, आत गाड्यांचं घट्ट बंद दालन. दमटपणा शोषणारं यंत्र फक्त या दालनापुरतं लावायचं. विजेची गरज कमी झाली की छपरावरचे सोलर पॅनल तिचा मोठा भाग उचलू शकतात.

बंद दालनात पेट्रोलची वाफ साचू शकते. म्हणून गाडी आत घेण्याआधी टाकी रिकामी करून बॅटरी काढावी.

जमिनीचं काय?

वर्ध्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया खाली मुरूम किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. फरशीखालची काळी माती काढून मुरमाचा भराव आणि त्यावर ओल अडवणारा थर हवा. हा थर नसेल, तर वर कितीही यंत्रं लावली तरी गाडी खालून गंजत जाते.