वळिवड्याची वाट आणि एक पोलिश घोडेस्वार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आठवीच्या वर्गात आम्हांला एकदा विचारले होते, "पोलंड निपाणीपासून किती लांब?" वर्ग गप्प. "वळिवड्याइतके," असे उत्तर त्यांनीच दिले. विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या बाजारात मोडक्यातोडक्या मराठीत भाजीचा भाव करणाऱ्या पोलिश बायका त्यांनी पाहिल्या होत्या. ही माणसे इथवर आली कशी, हे समजून घेण्याच्या ओघात पुढे मला जनरल व्वादिस्वाव आंदेर्स यांचे चरित्र सापडले. मी मराठीचा अध्यापक. इतिहासाच्या प्रांतात ही माझी घुसखोरी आहे, ती आपण चालवून घ्यावी.

आंदेर्स यांचा जन्म 1892 सालचा. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते केव्हाच वाटून घेतले होते. त्यामुळे पहिल्या महायुद्धात हा पोलिश तरुण झारच्या घोडदळातून लढला. 1918 मध्ये देश पुन्हा उभा राहिल्यावर त्यांनी पोझ्नानच्या पंधराव्या उलान पलटणीचे नेतृत्व केले. उलान म्हणजे भालाईत स्वार. आपल्याकडील शिलेदार-बारगिरांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये.

घोडा हा त्या सैन्याचा जीव होता, तसाच त्याचा खेळही. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आदाम क्रुलिकियेविच या घोडदळ अधिकाऱ्याने 'पिकादोर' घोड्यावरून अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. पोलंडचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आंदेर्स स्वतः उत्तम स्वार होते आणि नीसच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना गेलेल्या पोलिश स्वारांच्या संघाचे प्रमुखपद त्यांनी भूषविले होते. खोगिरावरची मांड आणि हातातला लगाम यांवर ज्याची कीर्ती उभी, असा हा गृहस्थ.

सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनी पश्चिमेकडून आणि रशिया पूर्वेकडून चालून आला. (पोलिश स्वारांनी भाले उगारून रणगाड्यांवर धाव घेतली, ही कथा अजूनही ऐकू येते. क्रोयांती येथे त्यांनी हल्ला केला तो पायदळावर. रणगाड्यांची गोष्ट नंतर रचली गेली.) आंदेर्स एका घोडदळ ब्रिगेडचे प्रमुख होते. जखमी अवस्थेत ते रशियनांच्या हाती सापडले आणि मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात गेले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना याच काळात सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलण्यात आले. पुढे हिटलरने रशियावरच स्वारी केली, तेव्हा चक्र फिरले. ऑगस्ट 1941 मध्ये आंदेर्स सुटले आणि कैदेतल्या पोलिश माणसांतून सैन्य उभारण्याचे काम त्यांच्यावर आले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी येथे आहे, आणि तिच्यात ना घोडा आहे ना तलवार. सैन्याच्या छावण्यांकडे भुकेलेल्या बायका, मुले, म्हातारी माणसे येऊ लागली. मित्रराष्ट्रांना शिपाई हवे होते. ही खाणारी तोंडे कोणाला नको होती. आंदेर्स यांनी मात्र कुटुंबांना मागे ठेवायचे नाही, असा आग्रह धरला. 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक माणसे इराणात उतरली. सगळे आले असे नव्हे. जे मागे राहिले त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. जे आले त्यांतील काही मुले जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांच्या आश्रयास गेली आणि 1943 पासून सुमारे पाच हजार माणसे कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला राहिली. अनेकींचे नवरे, अनेकांचे बाप आंदेर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते.

त्या इटलीत बेळगावचाही वाटा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे. 18 मे 1944 रोजी मोन्ते कासिनोच्या मठाच्या ढिगाऱ्यावर बाराव्या पोदोलियन उलान पलटणीच्या तुकडीने आपले निशाण लावले. नाव घोडदळाचे, पण चढण पायी चढलेली! पुढे 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीवर आंदेर्सचे पोलिश सैन्य उतरले, तेव्हा त्याच नदीवर, थोड्या अंतरावर, नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव या मराठा शिपायाने जखमी सोबत्यांना पाठीवर वाहून आणले आणि शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मात्र त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड रशियाला देऊन टाकले होते. आंदेर्सच्या बहुसंख्य शिपायांची घरे तिकडचीच. आपली फळी मागे घ्यावी, असे त्यांनी मित्रराष्ट्रांना सुचविले. तिची जागा घेण्यास दुसरे सैन्य नव्हते. ते लढत राहिले आणि 21 एप्रिलला बोलोन्यात शिरले. सीमाभागातील श्रोत्यांना रेघ सरकण्याचा अर्थ सांगायला नको. तथापि आपली रेघ 1956 मध्ये सरकली तेव्हा आपण आपापल्या घरांत होतो. त्यांना घरच उरले नाही. हा फरक विसरून केलेली तुलना मला पटत नाही.

1946 मध्ये वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारने आंदेर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले. ते लंडनमध्ये राहिले. तिसरे महायुद्ध होईल आणि आपण परत जाऊ, ही त्यांची आशा राजकारणी म्हणून भाबडीच म्हणावी लागेल. 12 मे 1970 रोजी ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मोन्ते कासिनोला आपल्या शिपायांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. देशाने नागरिकत्व परत दिले ते 1989 मध्ये.

वळिवड्याची वसाहत 1948 पर्यंत रिकामी झाली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्या जागेला गांधीनगर हे नाव मिळाले. आज निपाणीची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तेथेच जातात. गुरुजीही आपल्या मुलीच्या लग्नाचे कापड घ्यायला गेले होते. दुकानदाराने थान उलगडले, तेव्हा ते जुन्या बराकींच्या खुणा शोधीत बाहेरच उभे होते, असे त्यांच्या घरच्यांनी मला सांगितले.