अनाथांचे घर कोणाचे? : मनमाडचे रूळ, छप्पनचा दुष्काळ आणि केडगावचे मुक्तिसदन

१/ मनमाड जंक्शनवरून दौंडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच्या मातीकामाचा मोठा भाग १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात ‘दुष्काळी काम’ म्हणून झाला होता. भुकेल्या माणसांनी टोपल्या वाहून हा भराव घातला. पुढच्या दोन दुष्काळांत मध्य हिंदुस्थानातून पुणे-दौंडकडे येणारी सरळ वाट भुसावळ-मनमाडवरून याच रुळांनी जात होती.

२/ रुळांमुळे धान्य हलवणे सोपे झाले. मात्र एक प्रश्न रुळांनी सुटणारा नव्हता. आईबाप दगावले आणि मूल छावणीत उरले, तर त्याला न्यायचे कोणी? १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. धडधाकटांना काम आणि दुर्बळांना अन्न, अशी त्यांची मांडणी होती. अनाथांचा कायमचा सांभाळ सरकारला नको होता. आधी नातलग, मग स्वधर्मीय, ते न मिळाल्यास इतर, असे धोरण कागदावर होते. प्रत्यक्षात तयार अनाथालये बहुतेक ख्रिस्ती मिशनांचीच होती.

३/ नाशिक जिल्ह्याला याचा अनुभव आधीपासून होता. नाशिकजवळच्या शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत, गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत सामील झाला. १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचा देह लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला, तेव्हा तो शवपेटीसोबत होता. नाशिकचा ‘शरणपूर रोड’ त्या वसाहतीचे नाव आजही सांगतो.

४/ १८९६ चा पाऊस फसला आणि मध्य प्रांतात हाहाकार उडाला. तेथील छावण्या पाहण्यासाठी पुण्याहून एक विधवा निघाली : पंडिता रमाबाई. वय अडतीस. संस्कृत विदुषी म्हणून कलकत्त्याने गौरवलेल्या, १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढणाऱ्या आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणणाऱ्या.

५/ दुष्काळ त्यांना ऐकून ठाऊक नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत. १८७० च्या दशकातील दुष्काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण, असे तिघे काही महिन्यांत गेले. उरलेली भावंडे, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी हिंडली. छावणीतल्या मुलींकडे पाहताना रमाबाईंना आपलेच पूर्वायुष्य दिसले, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते.

६/ छावण्यांत त्यांना भुकेपेक्षाही मोठे भय दिसले. एकट्या मुलींना फसवून नेणारे दलाल तेथे घिरट्या घालत होते. पोटभर अन्न मिळाले तरी मुलगी सुरक्षित होत नव्हती. त्या हंगामात सुमारे ३०० मुली व तरुण विधवा रमाबाईंच्या आश्रयाला आल्या.

७/ आणायच्या तर ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेगची साथ होती आणि अधिकाऱ्यांनी सदनातील वाढत्या संख्येवर निर्बंध घातले. रमाबाईंनी पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगाव येथे आधीच शेतजमीन घेतलेली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. सप्टेंबर १८९८ मध्ये तेथे ‘मुक्तिसदना’च्या इमारतीची पायाभरणी झाली.

८/ पुढे छप्पनचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६, म्हणजे इ.स. १८९९-१९००. गुजरात आणि राजपुतान्यात त्याने थैमान घातले. रमाबाईंनी आपल्या सहकारी स्त्रियांना तिकडे पाठवले. मुक्तिसदनातील संख्या सुमारे १९०० वर गेली. एका कोरड्या माळावर वसलेले हे स्त्रियांचे आणि मुलींचे गावच होते.

९/ एवढ्या लेकरांना ‘घर’ कसे द्यायचे? येथे रमाबाईंची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. नव्या मुलींचे लहान गट केले गेले आणि प्रत्येक गट एका जाणत्या स्त्रीकडे सोपवला गेला. शारदा सदनात शिकलेल्या मुली आता शिक्षिका आणि पालक झाल्या. कालची आश्रित आज कोणाची तरी थोरली बहीण झाली. मोठ्या अनाथालयात मूल गर्दीत हरवते. ते हरवू नये म्हणून केलेली ही योजना होती.

१०/ घर म्हणजे हाताला कामही. शेती, दुग्धालय, विणकाम, तेलघाणा, छापखाना : सारे मुलींच्या हाती. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींनी जुळवले आणि छापले. संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले, अंध मुलींसाठी ‘बर्तिमी सदन’. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. तिने ती लिपी या मुलींना शिकवली.

११/ आता या इतिहासाची दुसरी बाजू. शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, अशी सुरुवातीची अट होती. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी संबंध तोडला. मुक्तिसदन मात्र उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे आलेली लहान मुलगी त्याच श्रद्धेत वाढे. जगण्याची शक्यता आणि आईबापांचा धर्म यांतून निवड करण्याचे तिचे वयच नव्हते.

१२/ हा आक्षेप केवळ द्वेषातून आलेला नव्हता. पंजाबात लाला लजपतराय यांनी याच दोन दुष्काळांत हिंदू अनाथांसाठी चळवळ उभारली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्षही दिली. मिशनांशी स्पर्धा करायची तर आपणही अनाथालये चालवली पाहिजेत, हे त्यातून अनेकांना उमगले. अनाथाला घर देणे ही समाजाची जबाबदारी आहे, ही जाणीव या चढाओढीतूनही वाढली.

१३/ रमाबाई सरकारच्या मिंध्याही नव्हत्या. पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांची कशी आबाळ होते, हे त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जाहीर केले. धर्म राज्यकर्त्यांचा आणि टीका राज्यकर्त्यांवर, हे पुष्कळांच्या हिशेबात बसणारे नव्हते.

१४/ ज्या शारदा सदनावर पुण्याने बहिष्कार घातला, त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात ‘अनाथ बालिकाश्रम’ काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. एका बाजूला केडगाव, दुसऱ्या बाजूला हिंगणे. दोन वेगळ्या श्रद्धा. पण धागा एकाच सदनातून निघालेला.

१५/ १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. केडगावची संस्था आजही चालू आहे. तिचे मूल्यमापन करताना दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात : या घराने मुलींच्या पूर्वीच्या ओळखीवर नवी ओळख चढवली, आणि ते घर नसते तर त्यांपैकी कित्येकींची ओळख सांगायला कोणी उरलेच नसते. धर्मांतराचा हिशेब मांडणाऱ्याने छावणीत घिरट्या घालणाऱ्या दलालांचाही हिशेब मांडावा. आणि उद्धाराचे गोडवे गाणाऱ्याने त्या मुलींना कोणी काही विचारले होते का, हेही पाहावे.