दोन कर्जत आणि एक नांव

महाराष्ट्रांत कर्जत नांवाचीं दोन गांवें प्रसिद्ध आहेत. एक बोरघाटाच्या पायथ्याशीं, रायगड जिल्ह्यांत. दुसरें रेहेकुरीच्या काळविटांच्या माळाजवळचें, २०२४ पर्यंत अहमदनगर आणि आतां अहिल्यानगर म्हणविणाऱ्या जिल्ह्यांतलें. पाकिटावर जिल्हा घातला कीं टपाल बिनचूक पोहोंचतें. तेव्हां हें नांव खरें कोणाचें, असा तंटा माजण्याचें कारणच पडत नाहीं.

परंतु १९८३ सालीं संगणकांच्या जाळ्यासाठीं जी नामव्यवस्था रचली गेली, तिच्यांत ही सोय नाहीं. ‘डॉट कॉम’खालीं एक नांव साऱ्या जगांत एकालाच मिळतें, आणि जो प्रथम मागेल त्याला मिळतें. मागणाऱ्याचा हक्क नोंदणीच्या वेळीं कोणी तपाशीत नाहीं. दुसऱ्याच्या लौकिकाचें नांव अडवून ठेवणाऱ्यांना त्यामुळें रान मोकळें झालें.

१९९९ सालीं हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढें आला. ‘रेडिफ’ या कंपनीचें नांव गाजत असतां दुसऱ्यानें ‘रॅडिफ’ हें नांव नोंदविलें. चार इंग्रजी शब्दांच्या आरंभींच्या अक्षरांतून आपलें नांव घडलें, अशी प्रतिवादीची सबब होती. न्यायमूर्ति अजित प्रकाश शहा यांनीं ती मानली नाहीं. डोमेन नाम हा केवळ पत्ता नव्हे. व्यापारचिन्हाइतकेंच संरक्षण त्याला मिळालें पाहिजे, असें ठरवून त्यांनीं मनाई हुकूम दिला.

पुढें २००४ सालीं ‘सिफी’च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, डोमेन नामांसाठीं देशांत स्वतंत्र कायदा नसला, तरी दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपविण्यास बंदी करणारें जुनें तत्त्व येथेंही लागू पडतें.

खटल्याखेरीज लवादाचा मार्गही १९९९ पासून खुला आहे. त्यांत वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: प्रतिवादीचें नांव आपल्या व्यापारचिन्हाशीं भ्रम पडावा इतकें जुळतें, त्या नांवावर त्याचा न्याय्य हक्क नाहीं, आणि त्यानें तें कपटबुद्धीनें नोंदवून वापरलें. दावा जिंकल्यास नांव रद्द होतें किंवा वादीकडे जातें; नुकसानभरपाई मात्र मिळत नाहीं. ‘डॉट इन’साठीं भारतांतही अशीच लवादाची पद्धत आहे.

यावरून दोन्ही कर्जतांचा न्याय उघड होतो. एका कर्जतच्या व्यापाऱ्यानें गांवाचें नांव सचोटीच्या धंद्यासाठीं आधीं नोंदविलें, तर तो चोर ठरत नाहीं. दुसरें कर्जत फक्त उशिरा आलें. परंतु त्याच व्यापाऱ्यानें वर्षानुवर्षें नांवारूपाला आणलेलें दुकान कोणी परक्यानें त्याच्याच नांवानें जाळ्यावर मांडलें, तर त्याला दाद मागतां येते. प्रथम नोंद झाली म्हणून कपट पवित्र होत नाहीं. आणि उशीर झाला म्हणून सचोटीनें मिळविलेला लौकिक बुडत नाहीं.