‘शाकारणी भाडेकरूची’ : गळक्या घरांच्या कायद्याचा मागोवा

वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत भाडेपावत्यांचा गठ्ठा सापडला. घोटीतल्या आमच्या दोन खोल्यांचे भाडे महिना बारा रुपये. वडील भातगिरणीत हिशेब लिहीत, त्यामुळे १९७४ पासूनची एकही पावती गहाळ नाही. प्रत्येकीच्या तळाशी घरमालकाच्या हातची एक ओळ : ‘शाकारणी भाडेकरूची.’

इगतपुरी तालुक्यात राहिलेल्याला या ओळीचे वजन सांगायला नको. वैशाखात शाकारणी चुकली की आषाढात घरभर पातेली मांडावी लागतात. आमची मागची मातीची भिंत दरवर्षी फुगायची, तिच्या कडेची वह्या-पुस्तके बुरसायची. घरमालक म्हणे, ‘पावती वाचा.’ ती ओळ कायद्याला धरून होती का, हे शोधता शोधता मी भाडेकायद्यांत शिरलो. वकिली शिकलेलो नाही. जे कळले ते वाचून.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूला एक सोय आहे. मालक बांधील असलेली दुरुस्ती त्याने सूचना देऊनही केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण मालक बांधील केव्हा? करारात तसे ठरले असेल तर. बारा रुपयांच्या भाडेकरूला असा करार कोण लिहून देणार!

पहिल्या महायुद्धात शहरांत घरे मिळेनाशी झाली. ग्लासगोच्या बायकांनी १९१५ मध्ये वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि ब्रिटिश पार्लमेंटला त्याच वर्षी भाडेनियंत्रण आणावे लागले. मुंबईचा युद्धकालीन भाडेकायदा १९१८ चा. त्याचा रोख भाडेवाढीवर होता. गळतीचे नीट उत्तर मला सापडले ते १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात. कलम २३ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य झाले. निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च कापून घ्यायचा. कायदा सरसकट नव्हता. अनुसूचीत किंवा अधिसूचनेत नाव असलेल्या गावांनाच लागू. बाकीच्यांना १८८२ चाच आधार.

या कलमाला दोन भोके होती. पहिले, ‘भाडेकरूने उलट करार केला नसेल तर’ ही अट. आमच्या पावतीवर सही फक्त घरमालकाची होती. पावती घेतली म्हणजे करार केला, असे मी तरी मानत नाही. दुसरे भोक हिशेबाचे. वर्षाला भाड्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त कापता येत नसे. आमचे वार्षिक भाडे १४४ रुपये. त्याचा षष्ठांश चोवीस. चोवीस रुपयांत भिंत उभी राहत नाही.

घरमालकाचीही बाजू आहे. प्रमाण भाडे मुख्यतः १९४० च्या पातळीवर बांधलेले, मजुरी आणि कौले मात्र बाजारभावाने. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारती ढासळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. बाहेरच्या गावांना तेही नाही. गोठवलेले भाडे आता अवाजवी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. मग आला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९. अंमल ३१ मार्च २००० पासून. कलम १४ ने दुरुस्तीचे कर्तव्य कायम ठेवले, कपातीची मर्यादा एक चतुर्थांश केली. याच कायद्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभाही दिली.

हक्क थोडा रुंदावला, पण तोवर भाडेकरूच कमी होत चालला होता. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना सरकारने भाडेकरूचा दर्जा दिला. नंतर आलेल्यांना तो मिळाला नाही. अकरा महिन्यांच्या कागदावर राहणारा बोलीभाषेत भाडेकरू, कायद्यात मात्र लायसन्सधारक. त्याला कलम १४ मागता येत नाही. त्याच्या हाती करारात असेल तेवढेच.

मागच्या श्रावणात शेजारचा तरुण आपला करार घेऊन आला. स्लॅब गळते, भिंतीला ओल, आणि घरमालक म्हणतो कागद वाच. तेरा पानांचा नोंदणी केलेला करार. नवव्या पानावर लिहिले होते : किरकोळ व मोठी, सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी. खाली सही त्याची स्वतःची होती.