‘सेट’ची बैठक

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली वीस खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यांत जास्त जागा अडवली होती ‘सेट’ या चिमुकल्या क्रियापदाने. त्याचे अर्थ 430 आणि नोंद सुमारे 60,000 शब्दांची, म्हणजे एखादी बेताची कादंबरीच. इंग्रजी शिकणाऱ्याला हा आकडा ऐकूनच घाम फुटावा. मराठी माणसाला मात्र एवढं घाबरायचं कारण नाही.

‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. जुन्या इंग्रजीत बसणे म्हणजे ‘सिट्टन’ आणि बसवणे म्हणजे ‘सेट्टन’. क्रियापदाच्या पोटातला स्वर बदलून ‘करायला लावणे’ दाखवायची ही रीत इंग्रजीने पुढे सोडून दिली, पण खुणा राहिल्या. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड पाडणे ते ‘फेल’. आपलं पडणे-पाडणे काय वेगळं आहे?

एकदा ‘बसवणे’ हाती आलं की अर्थांचा गुंता बराच सुटतो. अंगठीत हिरा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, कवितेला चाल बसवतात, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात. या चारही ठिकाणी इंग्रज ‘सेट’च म्हणतो. उरलेल्यातला मोठा वाटा आपल्याकडे ‘लावणे’ उचलतं: सापळा लावणे, गजर लावणे, आग लावणे, दही लावणे. परीक्षेचा पेपर मात्र आपण ना बसवतो ना लावतो; तो काढतो.

सूर्याचं काय? त्याला कोण बसवतो? कोणी नाही. ‘सेट’ने हळूहळू ‘बसणे’ हा अर्थही पांघरला आणि सूर्य आपला आपण बसू लागला. त्याआधी जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेट्लगांग’ असा शब्द होता. ‘सेट्ल’ म्हणजे आसन आणि ‘गांग’ म्हणजे जाणं. दिवसभर फिरून सूर्य आपल्या आसनाकडे निघाला, एवढाच त्याचा अर्थ. मला तो ‘सनसेट’पेक्षा जास्त आवडतो.

‘सिट’ आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू एकाच मुळाचे. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी बसणारी मंडळी. त्यांतला ‘प्रसन्न’ माझ्या विशेष लोभाचा. गाळ खाली बसून नितळ झालेलं पाणी ते प्रसन्न. तेच विशेषण पुढे मनाला लागलं. गंमत म्हणजे आपलं ‘बसणे’ या घरातलं नाही. ते ‘उपविश्’पासून प्राकृतातून, ‘बैसणे’ होत आलं.

‘सेट’च्या घरात एक उपराही आहे. डिनर सेट किंवा दागिन्यांचा सेट यातला ‘सेट’ दिसायला तोच, पण जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’पासून आलेला. सेक्टा म्हणजे एका मागाने जाणाऱ्यांचा जथा, पंथ. त्यामागचं क्रियापद ‘अनुसरणे’ या अर्थाचं, आणि त्याचा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘सच्’, सोबत असणे. त्यातूनच ‘सचिव’ झाला. म्हणजे कपाटातला डिनर सेट आणि मंत्रालयातले सचिव दूरचे नातलग. इंग्रजीत हे दोन ‘सेट’ इतके मिसळले आहेत, की कोणता अर्थ कोणाचा हे सांगताना पंडितांनाही अडखळायला होतं.

आता ‘सेट’ची गादी गेली आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ 645 भरल्याचं 2011 मध्ये जाहीर झालं. लेखक सायमन विंचेस्टर यांनी त्याचं श्रेय यंत्रयुगाला दिलं. गिरणी, आगगाडी, संगणकातला प्रोग्राम, सगळं ‘रन’च होतं. मला ते पटतं. ‘सेट’ हे हाताने कामं करण्याच्या काळातलं क्रियापद. मांडणं, रोवणं, जडवणं ही त्याची कामं. आपल्याकडेही गिरणी आणि गाडी ‘चालते’, बसत नाही. गाडी बसली तर मेकॅनिक बोलवावा लागतो.

आणि 430 या आकड्याचं अप्रूप वाटत असेल, तर आधी घरचं ‘बसणे’ मोजायला घ्या. घसा बसतो, धंदा बसतो, जम बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, झब्बा अंगात बसत नाही आणि शिंप्याला विचारलं तर त्याचेच आठशे रुपये बसतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्याच साली लंडनमध्ये ऑक्सफर्ड कोशाच्या कल्पनेची सुरुवात झाली. मोल्सवर्थ आज इंटरनेटवर फुकट आहे. ‘बसणें’ काढून वाचा.