‘एपिडेमिक’ आणि ‘ऱ्यूको’

‘एपिडेमिक’ शब्दाचें मूळ ग्रीक. ‘लोकांमध्यें असणारें’ एवढाच त्याचा प्राचीन अर्थ. हिपोक्रेटीसाच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांनीं त्यास रोगांच्या पंगतीस बसविलें, आणि सतराव्या शतकांत तो इंग्रजींत रुळला तो त्याच पंगतींतून. म्हणून लठ्ठपणा किंवा अफूजन्य औषधांचें व्यसन हीं सांसर्गिक नसूनहि इंग्रज त्यांस ‘एपिडेमिक’ म्हणतो. अनिष्टता मात्र हवीच. जपानी विद्यार्थी फसतो तो येथें. त्याच्या ‘ऱ्यूको’ शब्दांत साथ आणि फॅशन दोन्ही सुखानें नांदतात. (आपल्या ‘साथ’ शब्दांतहि सोबत आहेच!) १९१८ च्या इन्फ्लुएंझास जपानांत ‘ऱ्यूकोसेइ कांबो’ म्हणत. त्या संवयीनें नव्या टोप्यांची ‘एपिडेमिक’ आली असें तो कौतुकानें लिहील, तर इंग्रज वाचकास त्यांत उपहासच दिसेल.