घराच्या माथ्यावरचे ओझे

श्रोतेहो, आपल्याकडे शेताला काळी म्हणतात नि गावठाणाला पांढरी. ह्या दोन शब्दांत आपल्या छपरांचाही इतिहास आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. ती माथ्यावर घातली तर घर गळणारच! म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या जुन्या लोकांनी माळवदाला पांढरी माती वापरली. खाली लाकडी खांब, त्यांवर तुळया, मग फळ्या, काडीकुडी आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा; वर वाळवणाला नि निजायला जागा. गरिबाला मात्र गवताचेच छप्पर.

आता माळवद गळू नये, तर मृगाआधी त्यावर नवी माती पसरावी लागे. जुनी सहसा कोणी काढीत नसे. आजोबांच्या थरावर नातवाचा थर! शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना हे गणित जरूर घालावे: १० फूट लांब, १० फूट रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे १०० घनफूट, वजन सुमारे साडेचार टन.

हे ओझे काय करते, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दिसले. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, माळवदे खाली आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली.

मग पत्रा बरा का? नालीदार पत्र्याचे पेटंट हेन्री पामर यांनी १८२९ साली लंडनात घेतले. पुढे जस्ताचा मुलामा आला, गंज लांबला. वर सांगितलेल्या खोलीला पातळ पत्रे अर्ध्या क्विंटलच्या आसपास पुरतात. पण हलका पत्रा वावटळीत उडतो, म्हणून आपण त्यावर धोंडे ठेवतो. माथ्यावरचे ओझे पुन्हा आलेच की!

२०२४ साली २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली जिल्ह्यातच ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने पत्र्यांवरचे दगड काढून घ्या, असे सांगितले.

तेव्हा मंडळी, पत्रा आकड्यांनी नि बोल्टांनी खालच्या वाशांना घट्ट आवळा, धोंडे उतरवा. माळवद असेल तर जुना थर खरवडल्यावाचून नवा घालू नका. छप्पर किती वर्षे टिकेल हे गवंड्याला विचाराल, तेव्हा ते हादरले तर खाली निजलेल्यांचे काय होईल, हेही विचारा.